कापल्याची खूण

बायको गेली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि आमची मुलगी साडेतीन. कावीळ अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. दिवस झाल्यावर सटाण्याहून आलेली सासुरवाडीची माणसं निघाली. सासूबाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या की पोरीला आम्ही घेऊन जातो, पुरुषमाणसाला एकट्याला जमायचं नाही. मी हो म्हणालो. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच म्हणालो. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्यांनी नेली, माझा इलाज नव्हता. खरं असं आहे की त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मी नाशिकरोडला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मूळ गाव सायखेडा. तिथे थोरला भाऊ शेती बघायचा, पण आई-वडील गेल्यापासून माझं जाणं सणापुरतंच उरलं होतं. राहायला भाड्याच्या दोन खोल्या. सकाळी खानावळीचा डबा यायचा, त्यातलंच संध्याकाळी गार खायचो. बायकोचं स्वयंपाकाचं सामान जिथल्या तिथे होतं. मिसळणाच्या डब्यातली हळद, मोहरी, जिरं मी वर्षभर तसंच राहू दिलं. मग हळदीत किडे झाले, तेव्हा डबा धुऊन फडताळात पालथा घातला.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. महिन्यातून दोनदा मी दुपारची सटाण्याची एस.टी. धरायचो. भावडबारीचा घाट उतरून देवळा गेलं की मी खिडकीबाहेर बघणं सोडायचो. पोरीला काय बोलायचं ते मी गाडीत ठरवत जायचो, आणि तिथे पोचल्यावर त्यातलं काहीच बोलून होत नसे. ती मामाच्या दोन मुलांत वाढत होती. ती मुलं आपल्या वडलांना बाबा म्हणायची, म्हणून हीपण त्यांना बाबा म्हणायला लागली. मी झालो नाशिकचे बाबा. तिची भाषाही बदलली. सासुरवाडीची माणसं माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, पण आपापसांत अहिराणी. आणि पोरीला मी त्या आपापसांतला नाही हे लवकर कळलं असावं. माझ्यासमोर ती गप्पच राहायची.

पाच वर्षांची असताना तिनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली. कांदा साठवायच्या चाळीमागे पोरं गल खणून गोट्या खेळत आणि हिच्याकडे स्वतःच्या गोट्या नव्हत्या. मला इतका आनंद झाला की पुढच्या खेपेला मी पिशवीभर गोट्या नेल्या. दुकानात मिळतात त्या, आत निळं-पिवळं पान असलेल्या. तिनं त्या जमिनीवर ओतल्या, पण खेळायला घेतल्या नाहीत. एकेक उचलून डोळ्याला लावून उन्हाकडे बघत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली की सगळ्या सारख्याच आहेत.

माझा हा नाद तिथून सुरू झाला. सारखी नसलेली गोटी शोधायची.

देवळाली कॅम्पात तेव्हा जुने बंगले होते. साहेब लोकांच्या वेळचे, पुढे कुणाकुणाकडे गेलेले. मालक म्हातारे झाले, वारले, की आतलं सामान निघायचं. बाजाराच्या एका टोकाला एक भंगारवाला हे सामान घ्यायचा: खुर्च्या, कंदील, चिनीमातीची भांडी, फुटके आरसे. एका रविवारी त्याच्याकडे मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. तळाशी दहा-बारा गोट्या होत्या. त्यातली एक लिंबाएवढी. काच स्वच्छ, मधोमध पांढऱ्या दोऱ्यांची जाळी पिळलेली, आणि वरच्या कडेनं लाल-निळ्या पट्ट्या वळत गेलेल्या. इतक्या बारीक दोऱ्या काचेच्या आत कुणी आणि कशा घातल्या असतील ते मला कळेना. फक्त दोन टोकांना खरखरीत डाग होते, काहीतरी तुटल्यासारखे. मला वाटलं, माल सदोष आहे. पोरीच्या बोटाला लागेल म्हणून मी ती एका चष्मेवाल्याकडे नेली. त्याच्याकडे भिंगं घासायचं चाक होतं. त्यानं दोन्ही डाग घासून गुळगुळीत करून दिले.

पोरीनं ती गोटी घेतली आणि अख्खा रविवार ओट्यावर बसून तिच्यातून बघत राहिली. मी शेजारी बसलो होतो. एकदा तिनं आपणहून गोटी माझ्या डोळ्याला लावली आणि दुसरा डोळा मिटायला सांगितलं. तिच्या हाताला गुळाचा वास येत होता. त्या दिवशीच्या परतीच्या गाडीत मला उभं राहून यावं लागलं, आणि ते जाणवलंसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला मी गोटीबद्दल विचारलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. मग म्हणाली, "हारी गऊ." खेळात लावली आणि हरली. गल्लीतल्या कुणी पोरानं जिंकली आणि तो ती घेऊन मालेगावला आजोळी गेला. मी म्हणालो, काही हरकत नाही, आणखी आणू.

भंगारवाल्याच्या दुकानात मला एक काका भेटले. सत्तरीच्या आसपासचे, शरणपूरला राहणारे, ख्रिस्ती, एकटे. कॉलेजांच्या प्रयोगशाळांतली काचेची उपकरणं दुरुस्त करून देत. तरुणपणी काचेच्या कारखान्यात भट्टीवर नळीनं काच फुंकायचं काम केलेलं, त्यामुळे गालांची कातडी ताणून ढिली पडल्यासारखी. मी डब्यातल्या उरलेल्या गोट्या चाळत होतो. ते बाजूला उभं राहून बघत होते. मग त्यांनी मला एक गोटी उजेडाकडे धरायला सांगितली आणि विचारलं, दोऱ्या कुठून कुठे जातात. मी बघितलं. त्या एका डागापासून निघून दुसऱ्या डागाला मिळत होत्या.

त्यांनी मला समजावलं. रंगीत काचेच्या कांड्या स्वच्छ काचेत घालून तापवायच्या, पिळत पिळत लांब दांडी ओढायची, आणि ती मऊ असतानाच खास कात्रीनं एकेक गोटी कापून घ्यायची. कापलं तिथे दोन्ही अंगांना खूण राहते. यंत्राच्या गोटीला अशी खूण नसते. फार तर एक पुसट शिवण दिसते. या हातच्या गोट्या जर्मनीतल्या, पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीच्या. साहेबांची मुलं खेळायला घेऊन आली असणार आणि जाताना विसरली असणार.

मी त्यांना मोठ्या गोटीचं सांगितलं. चष्मेवाल्याकडे घासून घेतल्याचंही सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली गोटी काढून डब्यात ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही डाग काढला नाही, तिचा जन्म पुसलात. आता कुणी जाणकारानं हातात घेतली तरी त्याला सांगता यायचं नाही, ही कुठली."

ते रागावले नव्हते. पण मला खाली बघावंसं वाटलं.

त्यानंतर सटाण्याला जायचं नसेल त्या रविवारी मी शरणपूरला जायला लागलो. सकाळची प्रार्थना आटोपून काका घरी येत, चहा टाकत, आणि खिडकीजवळ पांढरा रुमाल पसरत. मी आठवडाभरात मिळालेल्या गोट्या त्यावर मांडायचो. भंगारवाला माझ्यासाठी बाजूला ठेवायचा, जुन्या बाजारातही कधी काही मिळायचं. सोडावॉटरच्या बाटलीतल्या हिरवट गोट्या काका न बघताच बाजूला सारत. मग एकेक हातात देत आणि विचारत. मी चुकलो तर सांगत नसत, पुन्हा तीच गोटी हातात ठेवत. हळूहळू मला कळायला लागलं. काळ्या अपारदर्शक गोटीवर रंगाचे पट्टे फक्त वरवर ओढलेले असतात. तांब्याची भुकटी घातलेली गोटी उन्हात हलवली की चमचमते आणि सावलीत तपकिरी होऊन बसते. हातच्या काचेत बारीक बुडबुडे पिळाच्या दिशेनं लांबट झालेले असतात. खेळून आपटलेल्या गोटीवर चंद्रकोरीसारखे टवके असतात, पण ते लबाडी नाही, तिचं वय आहे. घासून चकचकीत केलेल्या गोटीवर मात्र विश्वास ठेवायचा नाही.

काकांच्या घरात स्वतःची एकही गोटी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले की बघून झालं की झालं, ठेवायचं कशाला. मला ते जमलं नाही. मी फडताळातला मिसळणाचा डबा काढला आणि त्याच्या सात वाट्यांत गोट्या जातवार ठेवायला लागलो. संध्याकाळी कचेरीतून आलो की डबा घेऊन खिडकीत बसायचो. उजेड असेपर्यंत बघायचो. खाली चाळीतली मुलं ओरडत खेळायची, शेजारणी एकमेकींना हाका मारायच्या, कुणाच्या तरी घरी रेडिओ लागलेला असायचा. माझ्या दाराशी कुणी येत नसे, आणि डबा मांडीवर असला की ते तितकंसं लागत नसे.

मुलगी आठ वर्षांची असेल. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी पडवीत बसलो होतो आणि ती दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, काही मागायला आली असेल. तिनं विचारलं, "तुम्ही कवय जाशात?"

तुम्ही कधी जाणार. त्यात वाकडं काही नव्हतं. तिला मैत्रिणीकडे जायचं होतं आणि आजीनं सांगितलं होतं की नाशिकचे बाबा आहेत तोवर घरात थांब. मी म्हणालो, साडेचारच्या गाडीनं. तिनं आत जाऊन घड्याळ बघितलं. मी सव्वातीनलाच उठलो, सासूबाईंना कारण सांगितलं की उद्या कचेरीत तपासणी आहे, आणि स्टँडवर जाऊन तासभर बाकावर बसून राहिलो.

पुढे माझ्या खेपा महिन्यातून एक झाल्या. मग दीड-दोन महिन्यांनी एक. मी पैसे पाठवायचो, कपडे पाठवायचो. भांडण कुणाशीच नव्हतं. जायचं नाही असं मी कधी ठरवलंही नाही. शनिवार यायचा आणि काहीतरी निघायचं.

ती सातवीत असताना तिचं पत्र आलं, पहिलंच. वळणदार अक्षरात, शाळेत शिकवतात तसं, तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि ती नाटकात झाशीच्या राणीचं काम करत होती. शेवटी लिहिलं होतं, आपण अवश्य यावे. मी येतो म्हणून उलट टपाली कार्ड टाकलं. संमेलनाच्या दोन दिवस आधी भंगारवाल्यानं निरोप धाडला की कॅम्पातल्या लॅम रोडचा एक बंगला रिकामा होतोय, माल शनिवारी निघेल, मुलांच्या खेळण्यांची एक पेटी आहे. संमेलन त्याच शनिवारी संध्याकाळी होतं.

मी स्वतःला सांगितलं की रजा टाकू, सकाळी पेटी बघू आणि दुपारची गाडी धरू. पेटी उघडायलाच एक वाजला. खाली, मोडक्या लाकडी घोड्याच्या आडून, ती गोटी निघाली. स्वच्छ काच आणि पोटात पांढऱ्या मातीची बसलेली मेंढी. मातीभोवती हवेचा पातळ पापुद्रा अडकला होता, त्यामुळे ती चांदीची वाटत होती. काकांनी अशा गोटीबद्दल सांगितलं होतं, मी कधी पाहिली नव्हती. तळाशी कापल्याची खूण स्पष्ट. मी ती रुमालात बांधली. घड्याळात अडीच वाजले होते. धावत गेलो असतो तर निम्मं नाटक तरी मिळालं असतं. मी शरणपूरला गेलो, काकांना दाखवायला.

त्यांनी ती बराच वेळ डोळ्यांजवळ धरली. मग, आज सटाण्याला जाणार होतात ना, असं विचारलं. मी म्हणालो, जमलं नाही. त्यांनी गोटी परत माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला उठले.

पुढच्या आठवड्यात गेलो तर मुलीनं विचारलंही नाही. मामानं सांगितलं की पहिल्या रांगेत एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती, मास्तरांना सांगून तिनंच. मी मेंढीची गोटी बरोबर नेली होती. ती काढायचा धीर झाला नाही, तशीच परत आणली.

काकांना मोतीबिंदू झाला होता. भट्टीसमोर उमेदीची वर्षं घालवलेल्यांना होतोच म्हणत. काम बंद झालं तेव्हा त्यांचा पुतण्या येऊन त्यांना नांदगावला घेऊन गेला. पुतण्या रेल्वेत होता. मी तिथे एकदाच गेलो. घर माणसांनी भरलेलं, काका आतल्या खोलीत खाटेवर. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, आवाजावरून ओळखलं. मी खिशातून एक गोटी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि थांबले. "कापलेली," म्हणाले. मग दुसरं टोक शोधलं. आत काय आहे ते त्यांनी विचारलं, मी रंग सांगितले. पिवळी जाळी, बाहेरून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या. मी ती त्यांच्याकडेच राहू द्या म्हणालो. या वेळी ते नको म्हणाले नाहीत, मुठीत धरून बसले. त्यानंतर दोन वर्षांनी पुतण्याचं कार्ड आलं. तेव्हा सगळं होऊन पंधरा दिवस झाले होते.

काका गेल्यावर गोट्या ओळखता येणारा माझ्या माहितीतला मीच उरलो. भंगारवाल्याचा मुलगा माल आता थेट मुंबईला पाठवायचा. माझ्या डब्याच्या सातही वाट्या भरल्या होत्या. उघडून बघायचो, पण नवीन गोटी दाखवायला कुणी नाही म्हटल्यावर शोधायची ओढ कमी झाली.

शहाऐंशी साली मुलगी डी.एड.ला नाशिकला आली. मी खोल्यांना रंग काढला, एक खाट घेतली. मामानं चाचरत सांगितलं की ती वसतिगृहात राहायचं म्हणते, कॉलेजला जवळ पडतं. मी म्हणालो, बरोबर आहे, रोज जाऊन-येऊन त्रासच होईल. खाट भिंतीला उभी करून ठेवली.

ती रविवारी यायची, अकराच्या सुमाराला, आणि तीनला निघायची. भाजी-भाकरी करायची. मला अहो-जाहो करायची आणि पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. एकदा फोडणीसाठी मोहरी शोधताना तिनं तो डबा उघडला. मी आतल्या खोलीतून आलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती आणि झाकण तिच्या हातात होतं. तिनं विचारलं हे काय आहे, आणि मी सांगत सुटलो. कांड्या, पीळ, कात्री, खूण, बुडबुडे. मेंढीची गोटी दाखवली, ती कोणत्या दिवशी मिळाली हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. पण सांगितलं.

ती ऐकत होती. गॅसवर तेल तापून धूर यायला लागला, तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "मला वाटायचं, इथे तुमचं दुसरं घर असेल. बायको असेल, मुलं असतील. आजी सांगत नसेल एवढंच."

मी म्हणालो, "कुणी नव्हतं."

"मग यायचं होतं ना."

मी डबा लावायला घेतला. कुठली गोटी कुठल्या वाटीतली ते मला सुचेना, आणि तिला तर ते माहीतच नव्हतं. तिनं आपल्याला वाटेल तशा भरल्या. मी तसंच झाकण लावलं. त्या दिवशी ती तीनलाच गेली. पुढच्या रविवारी नऊ वाजता आली. म्हणाली, परीक्षेचं वाचायचंय, वसतिगृहात गलबला असतो. दिवसभर खिडकीत बसून वाचत होती आणि मी आतल्या खोलीत आवाज न करता वर्तमानपत्र वाचत होतो. तसे अकरा-बारा रविवार गेले असतील. बोलणं फार झालं नाही.

डी.एड. झाल्यावर तिला सटाण्याजवळच्या एका शाळेत नोकरी लागली आणि ती परत गेली. मामाचं घर लहान पडायला लागलं होतं, म्हणून तिनं सटाण्यातच एक खोली घेतली. दिवाळीनंतर मी रजा काढून चार दिवस तिच्याकडे गेलो. इतक्या वर्षांत सटाण्यात मामाच्या पडवीखेरीज मी कुठे टेकलो नव्हतो.

सोमवारी सकाळी ती जेवणाचा डबा घेऊन शाळेला गेली. मी झाडलं, पाणी भरलं, अंघोळ केली. तिनं झाकून ठेवलेलं जेवण जेवलो. मग काही करायला नव्हतं. दुपार सरता सरेना. रस्त्यावर कांद्याच्या ट्रॉल्या जात होत्या, बाजूच्या घरात कुणीतरी मूल झोपवत होतं. एकट्यानं खोलीत बसायची मला पंधरा वर्षांची सवय होती. पण मी तीनपासून दाराकडे बघत होतो, चारला उठून कपाळावरचे केस नीट केले, आणि सव्वापाचला जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला तेव्हा मी दार उघडून बाजूला उभा राहिलो.

ती आत आली, पिशवी खुंटीला लावली, घाम पुसला. झाकण उचलून भांडं बघितलं.

"भाकरी एकच खाल्ली?" म्हणाली.

मी म्हणालो, भूक नव्हती. ती चहा ठेवायला वळली, आणि शाळेत आज काय झालं ते सांगायला लागली, अहिराणीत.